खायचा गुलाब

दुधनीच्या बाजारात गुलाब येतो तो मुख्यतः देवासाठी. एका अंगाला अक्कलकोटचे स्वामी, दुसऱ्या अंगाला गाणगापूरचे दत्त. हाराच्या फुलांना या पट्ट्यात बारा महिने गिऱ्हाईक. पण ते फूल गुलकंदाला घ्यायला मन धजत नाही. हाराच्या फुलाला डाग चालत नाही, आणि डाग नको म्हटलं की फवारणी आलीच. आंतरप्रवाही औषध पाकळीच्या आत मुरतं, ते धुऊन जात नाही. म्हणून खायचा गुलाब परसातच लावलेला बरा.

त्यासाठी देशी गुलाब हवा: गुलाबी, पातळ पाकळ्यांचा, दुपारपर्यंत मान टाकणारा, पण वासाला दमदार. तो पेन्सिलीएवढ्या जाड काडीपासून येतो. स्वतःच्या मुळावर वाढत असल्याने कलमी रोपासारखे खुंटाचे फुटवे काढत बसावं लागत नाही. अडचण आहे ती आमच्या काळ्या मातीची. पावसाळ्यात ती पाणी धरून मुळं गुदमरवते, उन्हाळ्यात भेगाळून बारीक मुळं तोडते. उपाय सोपा आहे. उंच वरंबा घालायचा, भरपूर शेणखत मिसळायचं आणि वर तुरीच्या भुसकटाचं आच्छादन टाकायचं. तुरीच्या या मुलखात भुसकटाला तोटा नाही.

गुलाबाच्या सोबतीला झेंडू, लसूण, कोथिंबीर आणि शेपू. झेंडूच्या मुळांतून पाझरणारी द्रव्यं मातीतल्या सूत्रकृमींना मारतात, पण त्यासाठी तो दाट लावून हंगामभर ठेवावा लागतो; कडेला चार रोपं लावून भागत नाही. लसणाच्या वासानं मावा पळतो म्हणतात. आमच्याकडे लसणाला खेटून असलेल्या फांदीवरही मावा होता. खरं काम केलं ते फुलावर सोडलेल्या शेपू-कोथिंबिरीनं. त्यांच्या बारीक फुलांवर ढालकिडे येतात, आणि त्यांच्या अळ्या मावा खातात.

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर कोवळी फूट आली की फांदीवर मुंग्यांची ये-जा बघावी. मुंग्या चढताहेत म्हणजे वर मावा आहे. त्याच्या अंगातून निघणाऱ्या गोड चिकट्यासाठी त्या त्याची राखण करतात. तिथंच कधी एखादी काळसर, केशरी ठिपक्यांची, मगरीच्या पिल्लासारखी अळी दिसते. कीड समजून बरेच जण तिला चिरडतात. ती ढालकिड्याची अळी. तिला राहू द्यावं, मुंग्यांची वाट तेवढी पाण्याच्या फवाऱ्यानं मोडावी. उन्हाळ्यात पानांखाली लाल कोळी जाळी विणतो, तेव्हाही सकाळी पानांच्या खालून जोरात पाणी मारल्यानं बराच आवर बसतो. तरीही आवरलं नाही तर लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळी या मापानं काढलेला अर्क, संध्याकाळी, कळ्या-फुलं टाळून. एवढं करूनही काही पाकळ्यांना भोकं पडतात. पडू द्यावीत. ती बरणीत कुणाला दिसत नाहीत. एवढी सूट असल्यामुळेच हा गुलाब औषधाविना पिकतो.

तोडणी उजाडताच. ऊन चढलं की वासाचं तेल उडू लागतं. पाकळ्या सुट्या करताना देठाकडचं पांढरं टोक खुडावं, ते कडवट असतं. मग धुऊन सावलीत कापडावर पूर्ण कोरड्या कराव्यात; ओल राहिली तर बुरशी ठरलेली. काचेच्या बरणीत पाकळ्यांचा एक थर, खडीसाखरेचा एक थर, वजनाला वजन. साखर पाकळीतलं पाणी ओढून घेते, आणि तोच दाट पाक मिश्रण टिकवतो. बरणी तीन-चार आठवडे उन्हात, अधूनमधून कोरड्या चमच्यानं ढवळायची.

टोपलीभर फुलं आत जातात, पण तळाशी बसून गुलकंद निघतो थोडाच. आणि तो उन्हात तपकिरी होतो. दुकानातला लालभडक गुलकंद घेण्याआधी म्हणूनच बाटलीवरची घटकांची यादी वाचावी: गुलाब किती, साखर किती आणि रंग घातलाय का.