चाकणची बस: हात कुणाला दाखवायचा?

नाशिक फाट्यावर सकाळी चाकणकडे जाणारी प्रत्येक बस हात दाखवल्यावर थांबेलच असे नाही. पीएमपी आणि एसटी या कायद्याने टप्पा वाहतुकीच्या गाड्या. थांब्यावर प्रवासी घ्यायचा, टप्प्यानुसार तिकीट द्यायचे. कारखान्यासाठी ठेकेदाराने लावलेली बस सहसा कंत्राटी परवान्यावर धावते. करारात नसलेला प्रवासी वाटेत घ्यायला मोटार वाहन कायदा, १९८८ तिला मुभा देत नाही. भोसरीच्या कोंडीत अर्धी रिकामी बस शेजारी उभी असली की हा नियम टोचतो, पण नियम आहे. बहुतेक खासगी ट्रॅव्हल्सचाही परवाना हाच. वाटेत सीटा भरल्या जातात, ती गोष्ट निराळी.

गाडीची बांधणीही वेगळी. बस बॉडी संहितेत (एआयएस-०५२) टाइप १ म्हणजे शहरी बस: रुंद दारे, उभ्या प्रवाशांसाठी जागा. लो-फ्लोअर गाडीत जमिनीपासून तळ सुमारे ४०० मिमी, बीआरटीच्या उंच फलाटाला लागणाऱ्या गाडीत ९००. टाइप ३ लांब पल्ल्याची. तिथे सगळे बसून जाणार हे गृहीत, आणि सामानाची डिकी खाली असल्याने तळ उंच. ब्रिटनमध्ये बस आणि कोच यांच्यातली रेघ साधारण इथेच पडते.

थांब्यावर थांबणाऱ्या या दोन सेवांपैकी एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झाली. पिंपरी-चिंचवडची स्वतःची पीसीएमटी २००७ मध्ये पुण्याच्या पीएमटीबरोबर पीएमपीएमएलमध्ये, म्हणजे आजच्या पीएमपीमध्ये, विलीन झाली. एसटीचे आगार मात्र वल्लभनगरला, वेगळेच.