गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी का सापडली नाही?

रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरसाठी 'गृहीतक' आणि 'पूर्वग्रह' यांतला फरक आपण पाठ करतो. तो नीट समजून घ्यायचा असेल तर जेम्स गारफिल्ड यांची केस बघा.

गारफिल्ड अमेरिकेचे २०वे अध्यक्ष. १८३१ मध्ये ओहायोत गरीब घरात जन्म. पुढे शिक्षक, सेनाधिकारी, संसद सदस्य. गणिताची आवड इतकी, की १८७६ मध्ये त्यांनी समलंब चौकोन वापरून पायथागोरसच्या प्रमेयाची स्वतंत्र सिद्धता दिली. मार्च १८८१ मध्ये ते अध्यक्ष झाले आणि २ जुलैला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर चार्ल्स गिटो याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. एक गोळी पाठीत घुसली.

जंतुनाशक शस्त्रक्रियेवर लिस्टरने १८६७ मध्येच लिहिलं होतं, पण अनेक अमेरिकन डॉक्टरांना ते पटलेलं नव्हतं. त्यामुळे न धुतलेली बोटं आणि उपकरणं जखमेत घालून शोध चालला. मुख्य डॉक्टर विलर्ड ब्लिस यांचं मत ठाम होतं: गोळी उजवीकडेच आहे.

मग अलेक्झांडर ग्रॅहम बेल आले. त्यांच्या यंत्रात दोन कॉइल्स अशा जुळवलेल्या असत, की टेलिफोनमध्ये आवाज येत नसे. जवळ धातू आला की तोल बिघडून आवाज येई. ज्यांच्या अंगात जुन्या गोळ्या होत्या अशा माजी सैनिकांवर त्यांनी ते तपासलंही होतं. पण इथे शोध उजव्या बाजूलाच झाला, शिवाय गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या. आवाज अस्पष्ट आला, आणि ब्लिस यांनी तोच आपल्या मताचा पुरावा मानला!

१९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. शवविच्छेदनात गोळी मणक्याच्या डावीकडे, स्वादुपिंडाजवळ सापडली. गोळीचा मार्ग समजून डॉक्टर जो तपासत होते, तो संसर्गाने झालेला पुवाचा मार्ग होता.

गिटोला सरकारी पद हवं होतं, ते मिळालं नव्हतं. या हत्येनंतर वशिल्याच्या नेमणुकांविरुद्ध जनमत तापलं आणि १८८३ चा पेंडलटन कायदा आला. काही केंद्रीय नोकऱ्या परीक्षेतून, गुणवत्तेवर भरायला सुरुवात झाली. हा त्यांचा टिकलेला वारसा.

आता तुमच्या प्रपोजलकडे वळा. दोन प्रश्न विचारा. नमुना नसताना उपकरण काय दाखवतं, हे पाहिलंय का? म्हणजे रुग्णाशिवाय नुसता पलंग तपासलाय का? आणि कुणा वरिष्ठांनी 'तिकडे काही नाही' म्हटलं, म्हणून एखादी बाजू सोडून तर दिली नाहीत ना? उत्तरं लिहून ठेवा, मगच डेटा गोळा करायला लागा.