ढोल-ताशा पथक आणि कोकणातला उन्हाळा: उष्माघात कसा ओळखाल, काय कराल?

पुण्यातल्या पथकांचा मोठा हंगाम गणेशोत्सवाचा. त्यांचा सराव पावसाळ्यात होतो आणि मिरवणुकाही भाद्रपदात निघतात. आपल्याकडे वडखळ, पेण, रोहा या पट्ट्यात ढोल गुढीपाडव्यालाच कमरेला बांधला जातो. त्यानंतर चैत्रातल्या जत्रा, पालख्या, लग्नसराई आणि हळदी येतात. मधूनमधून स्पर्धाही होतात. म्हणजे वर्षातले सर्वांत दमट आणि उष्ण दोन-अडीच महिने आपली मुले-मुली सात-आठ किलोचा ढोल घेऊन डांबरी रस्त्यावर उभी असतात. मागे आई-वडील, आजी-आजोबा आणि कडेवरची बाळे चालत असतात.

हा लेख वादकांसाठी आहे आणि त्यांच्यासोबत चालणाऱ्या घरच्यांसाठीही. वादन बंद करा, असे मी सांगणार नाही. एक गोष्ट मात्र प्रत्येक पथकाला पाठ हवी: उन्हात वाजवणारा मुलगा असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजा आणि त्याला आहे त्या जागी थंड करायला सुरुवात करा.

एक नेहमीसारखी दुपार

काही वर्षांपूर्वी लग्नसराईत १९ वर्षांच्या एका वादकाला माझ्याकडे आणले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) दीड तास वाजवल्यावर तो चुकीचा ठेका धरू लागला, मग मित्रांवर चिडला, मग काहीतरी बरळू लागला. आदल्या रात्री हळद होती, त्यामुळे सगळ्यांना वाटले, ‘याला चढली आहे.’ त्याला मांडवाच्या कडेला बसवून ठेवले. अर्ध्या तासाने तो हाक मारूनही उठेना, तेव्हा गाडीत घातले. माझ्याकडे आला तेव्हा त्याचे अंग तापलेले होते आणि घामाने ओलेचिंब होते. त्याने दारूचा थेंबही घेतला नव्हता.

तो वाचला, पण मूत्रपिंडांवर परिणाम झाल्यामुळे बरेच दिवस मोठ्या रुग्णालयात काढावे लागले. वाया गेलेला तो अर्धा तास टाळता आला असता.

तापमान ३४ अंश, मग एवढे काय?

ढोल वाजवणे हे जड श्रमाचे काम आहे. स्नायूंमध्ये तयार होणारी उष्णता शरीर मुख्यतः घामावाटे बाहेर टाकते. पण नुसता घाम येऊन शरीर थंड होत नाही, तो घाम वाळावा लागतो. आपल्याकडे खाडी जवळ, हवेत बाष्प भरपूर. त्यामुळे घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. पाणी आणि मीठ जाते, उष्णता मात्र आतच राहते.

म्हणूनच ३४ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर शरीराला ते ४५ अंशांहून जास्त जाणवते. हवामान विभागही मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून करतो, तर किनारपट्टीवर ३७ अंशांपासूनच.

आपल्याच जिल्ह्यातली घटना आठवा. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यासाठी लोक उघड्या मैदानात तासन्‌तास बसले होते. कमाल तापमान सुमारे ३८ अंश होते. सरकारी आकड्यानुसार १४ जणांचा मृत्यू झाला. ती माणसे नुसती बसलेली होती. वाजवणाऱ्याचे शरीर तर स्वतःही उष्णता तयार करत असते.

शरीराला सवय लागते, पण एका दिवसात नाही

रोज थोडा वेळ उन्हात श्रम केले, तर साधारण १० ते १४ दिवसांत शरीर जुळवून घेते. घाम लवकर सुटतो, त्यातले मीठ कमी होते आणि हृदयावरचा ताण उतरतो. पुन्हा दोन-तीन आठवडे एसीत बसून राहिलात, तर ही सवय बरीचशी निघून जाते.

मुंबई-पुण्याला नोकरी करणारा मुलगा जत्रेसाठी शनिवारी गावी येतो आणि रविवारी दुपारी थेट तीन तास वाजवतो. सर्वांत जास्त धोका त्यालाच असतो. पथकाने सरावाचे नियोजन असे करावे:

• पहिल्या दिवशी ढोल बांधून २० ते ३० मिनिटेच सराव. पुढे रोज थोडा-थोडा वेळ वाढवा.
• सराव सकाळी ९ च्या आत किंवा संध्याकाळी ५ नंतर. दुपारी १२ ते ४ या वेळेत वादन टाळा.
• मिरवणुकीत दर २० मिनिटांनी वादकांची फळी बदला. बाहेर आलेल्यांनी सावलीत जाऊन ढोल कमरेवरून उतरवावा. नुसते उभे राहणे ही विश्रांती नव्हे.
• पोशाख सुती आणि सैल हवा. कुर्त्यावरचे जॅकेट उन्हाळ्यात वगळा. फेटा ओला करून बांधलात तर बरे.

पाणी किती, मीठ किती?

दमट उन्हात वाजवताना तासाला एक लिटर किंवा त्याहून जास्त घाम जाऊ शकतो. तहान लागेपर्यंत थांबू नका. दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला पाणी घ्या. उलट टोकही नको. एका तासात दीड लिटरपेक्षा जास्त नुसते पाणी ढोसले, तर रक्तातले सोडियम कमी होऊन डोके दुखणे, उलट्या, झटके असे त्रास होऊ शकतात.

वादन तासाभराहून लांबणार असेल, तर पाण्याबरोबर मीठही हवे. मीठ घातलेले ताक, मीठ-जिऱ्याचे कोकम सरबत, भाताची पेज हे सगळे उत्तम. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. अर्धी पुडी पेल्यात टाकू नका. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. दुकानातली गोड, रंगीत पेये म्हणजे ओआरएस नव्हे. एनर्जी ड्रिंक उन्हात टाळाच.

मुलींना वेगळे सांगतो. वाटेत स्वच्छतागृह नसते म्हणून बऱ्याच जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. ही सवय महाग पडते. मिरवणुकीच्या वाटेवरची दोन-तीन घरे किंवा शाळा आधीच विचारून ठेवणे ही पथकप्रमुखांची जबाबदारी आहे. खारेपाटातल्या ज्या गावांत उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, तिथे जाताना पिण्याचे पाणी सोबत न्या, यजमानांवर विसंबू नका.

पाणी पुरेसे प्यायलात का, हे लघवीच्या रंगावरून कळते. फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडले आहे. वादनाआधी आणि नंतर वजन केलेत तर आणखी नेमके कळेल: एक किलो घट म्हणजे सुमारे एक लिटर पाणी भरून काढायचे आहे.

थकवा की उष्माघात?

*उन्हाचा थकवा:* खूप घाम, डोके जड, मळमळ, पोटऱ्यांत गोळे, उभे राहताना चक्कर. माणूस थकलेला असतो, पण बोलणे नीट असते. नाव, जागा, वार बरोबर सांगतो. त्याला सावलीत आडवे करा, पाय थोडे उंच ठेवा, कपडे सैल करा, अंग ओले करा आणि घोट-घोट ओआरएस द्या. अर्ध्या तासात बरे वाटले नाही तर दवाखान्यात न्या. बरे वाटले तरी त्या दिवशी पुन्हा ढोल नाही.

*उष्माघात:* शरीराच्या आतले तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि मेंदूवर परिणाम होतो. ठेका चुकणे, झोकांड्या जाणे, विनाकारण चिडणे, बरळणे, ओळख न पटणे, झटके, बेशुद्धी यांपैकी काहीही दिसू शकते.

इथे एक जुना गैरसमज दूर करायला हवा. ‘उष्माघातात घाम थांबतो आणि कातडी कोरडी पडते’ असे आपण ऐकलेले असते. घरात बसलेल्या वृद्धांमध्ये बऱ्याचदा तसे दिसते. श्रम करणाऱ्या तरुणाला मात्र उष्माघातातही भरपूर घाम असू शकतो. घाम येतोय म्हणून निश्चिंत राहू नका. काखेत लावलेला थर्मामीटरही अशा वेळी तापमान कमी दाखवतो. आकड्याची वाट न पाहता वागण्यातला बदल पाहा.

आधी थंड करा, मग न्या

उष्माघातात पहिली ३० मिनिटे महत्त्वाची. तेवढ्या वेळात तापमान उतरवले, तर बहुतेक तरुण रुग्ण वाचतात. म्हणून नुसते गाडीत घालून पेण किंवा अलिबागच्या दिशेने पळू नका. महामार्गावर गाडी अडकली, तर तो वेळ परत मिळत नाही.

१. एकाने १०८ वर फोन करावा. बाकीच्यांनी फोनसाठी थांबू नये.

२. ढोल, फेटा, जॅकेट, चपला काढा. सावलीत न्या.

३. ढोल झाकायची ताडपत्री पसरा आणि त्यावर रुग्णाला झोपवा. सहा-आठ जणांनी कडा उचलून धरा, म्हणजे खोलगट हौदासारखे होईल. त्यात पाणी आणि बर्फ ओता आणि हाताने पाणी अंगावर हलवत राहा. एकाने डोके आणि मान पाण्याबाहेर धरून ठेवावी आणि श्वासावर लक्ष ठेवावे.

४. बर्फ कुठून आणायचा? आपल्याकडे मासळीवाल्यांकडे बर्फ असतोच. मिरवणुकीच्या दिवशी बर्फाच्या दोन पेट्या सोबत ठेवा. बर्फ नसेल तर टाकीचे, विहिरीचे, बोअरचे पाणी सतत ओता. दमट हवेत नुसत्या पंख्याने भागत नाही.

५. तो नीट बोलू लागेपर्यंत, कुडकुडू लागेपर्यंत किंवा रुग्णवाहिका येईपर्यंत हे चालू ठेवा. साधारण १० ते १५ मिनिटे लागतात. मग रुग्णालयात न्याच, शुद्धीवर आला तरी.

हे करू नका: बेशुद्ध किंवा बरळणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. पॅरासिटामॉल देऊ नका. हा ताप संसर्गाचा नसल्यामुळे त्याचा उपयोग होत नाही. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. श्वास थांबला तर लगेच छाती दाबणे सुरू करा.

कोणी जास्त सांभाळावे?

• गेल्या काही दिवसांत ताप, जुलाब किंवा उलट्या झालेले. यांनी त्या दिवशी वाजवूच नये.
• आदल्या रात्री दारू प्यायलेले किंवा जागरण झालेले.
• रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे. स्वतःहून गोळी बंद करू नका, हंगामाआधी डॉक्टरांशी बोला.
• मधुमेही. इन्सुलिन किंवा काही गोळ्यांमुळे साखर उतरली तरी माणूस बरळतो. ग्लुकोमीटर सोबत ठेवा. मोजायला वेळ लागत असेल तर थंड करणे थांबवू नका.
• अंगदुखीसाठी वाजवण्याआधी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेणारे. शरीरात पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडांना इजा करतात.

सोबत चालणाऱ्यांनीही हेच नियम पाळावेत. गर्भवती, लहान मुले आणि साठीच्या पुढच्यांनी पूर्ण मिरवणूक चालण्यापेक्षा एखाद्या सावलीच्या नाक्यावर बसून पथक पाहावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, तर नारळपाणी, मीठ आणि पाणी किती घ्यायचे हे आपल्या डॉक्टरांना विचारा.

कान विसरू नका

ताशाजवळ आवाज सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो. ८५ डेसिबल आवाज आठ तास सहन होतो असे धरले, तर १०० डेसिबलला ही मर्यादा फक्त १५ मिनिटे उरते. वादकांनी फोमचे इअरप्लग वापरावेत. ठेका त्यातूनही ऐकू येतो. बाळांना ताशाजवळ नेऊच नका. वादनानंतर कानात शिट्टी वाजत राहिली आणि दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. गेलेली श्रवणशक्ती बहुधा परत येत नाही.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावे?

• बोलण्या-वागण्यात थोडा जरी बदल झाला
• चक्कर येऊन पडल्यास, छातीत दुखल्यास
• उलट्यांमुळे पाणी पोटात ठरत नसल्यास
• वादनानंतर लघवी कोला किंवा काळ्या चहासारखी झाल्यास. स्नायू तुटून मूत्रपिंडांवर ताण आल्याची ही खूण असते.
• सहा-आठ तास लघवीच न झाल्यास

उष्माघात झालेल्या मुलाने डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्याशिवाय पुन्हा ढोल बांधू नये. परवानगी मिळाल्यावरही सुरुवात पहिल्या दिवसासारखी, २० मिनिटांपासून करावी.

पुढच्या सरावाला पथकातल्या दोघांना एक काम नेमून द्या: त्या दिवशी वाजवायचे नाही, फक्त वादकांच्या चेहऱ्याकडे पाहायचे. कोणाचा ठेका चुकला, कोण झोकांडी खातो, कोण गप्प झाला, हे त्यांना आधी दिसेल. ताडपत्री, बर्फाची पेटी आणि ओआरएसच्या पुड्या ढोलांसोबतच टेम्पोत चढवा.