पोथीची लिपी कोणासाठी?

मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात पपायरसचा एक तुकडा आहे. उंची सुमारे ९ सेंटिमीटर, रुंदी ६. इजिप्तमध्ये १९२० साली विकत घेतलेला हा तुकडा कॉलिन रॉबर्ट्स यांनी १९३५ साली प्रसिद्ध केला. त्यावर योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील काही ग्रीक ओळी आहेत आणि मागच्या बाजूला त्याच अध्यायाचा पुढचा भाग. गुंडाळीवर सहसा एकाच बाजूला लिहीत; म्हणजे हे पान वहीसारख्या बांधलेल्या पुस्तकातले. मधला गळालेला मजकूर मोजून पानावर सुमारे १८ ओळी असाव्यात, हेही काढता आले. त्या काळी ग्रीक वाङ्मय बहुधा गुंडाळ्यांवरच लिहिले जाई. ख्रिस्ती मंडळींनी मात्र धर्मग्रंथांसाठी पुस्तकरूप पसंत केले. मजकुराइतकेच पोथीचे शरीरही बोलते, हा या अभ्यासाचा धडा.

तोच धडा घेऊन आपल्या ख्रिस्तपुराणाकडे पाहावे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ साली वारला. त्याने दोन भागांत, ९५ अवस्वरूंत, दहा हजारांहून अधिक ओव्यांचे मराठी पुराण रचले. ते १६१६, १६४९ आणि १६५४ साली छापले गेले. परंतु त्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे.

हे पुराण छापले गेले रोमी लिपीत. स्टीफन्सची इच्छा मात्र निराळी होती. इथल्या भाषेतले पुस्तक इथल्याच अक्षरांत छापावे, असे त्याने १६०८ सालच्या पत्रात लिहिले आहे. अडचण खिळ्यांची होती: रोमीला चोवीस अक्षरे पुरत, इथे जोडाक्षरांसह सहाशेच्या आसपास साचे लागले असते. म्हणजे रोमी लिपी ही त्याची निवड कमी आणि छापखान्याची मर्यादा अधिक.

लंडनच्या मार्सडन संग्रहात ख्रिस्तपुराणाची देवनागरी हस्तलिखित प्रत आहे. जस्टिन अॅबट यांनी ती अभ्यासकांच्या नजरेस आणली. रोमी प्रतींतल्या पोर्तुगीज-लॅटिन शब्दांच्या जागी तिच्यात बऱ्याच ठिकाणी संस्कृत वळणाचे शब्द आहेत. अॅबट यांनी तिला मूळ पाठ मानले; इतरांना ते नंतरचे रूपांतर वाटते. मला मात्र या वादापलीकडची एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ती मूळ असो वा रूपांतर, कोणीतरी हे भलेमोठे पुराण देवनागरीत लिहून काढण्याचे कष्ट घेतले. हे कष्ट देवनागरी वाचणाऱ्यासाठीच असणार. रोमी प्रतींवरून दिसतो तो चर्चच्या शाळेत शिकलेला वाचक. या प्रतीमागे दुसराही एक उभा आहे.

मी राहतो त्या बुटीबोरीपासून फार दूर नसलेल्या रिद्धपूरच्या परंपरेत याची उलट बाजू दिसते. महानुभावांनी सकळ लिपीत ग्रंथ लिहिले. भाषा मराठीच, अक्षरे बदललेली. दीक्षित नसलेल्याला पान उघडूनही अर्थ लागू नये. तिथे लिपी दार लावते, मार्सडन प्रतीत ती दार उघडते.

१६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. तरी पुराणाच्या नकला होत राहिल्या. त्यांच्याच आधारे जे. एल. साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला रोमी आवृत्ती काढली आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यात निघाली. छापील प्रती नाहीशा झाल्या, भाषेवर बंदी आली. नकलाकारांनी ओव्या जपल्या.

म्हणून हस्तलिखितांच्या याद्या करताना नाव, कर्ता, पाने एवढ्यावर थांबू नये. लिपी, हात, शिवण, कोऱ्या सोडलेल्या जागा, समासातल्या खुणा यांचीही नोंद हवी. घरच्या पेटीतली पोथी वाचता येत नाही म्हणून टाकून देऊ नये. ती कोणासाठी लिहिली, हे तिच्या न वाचता येणाऱ्या अक्षरांतच असू शकते.