साप चावल्यावर आठ-दहा व्हायल कशासाठी? हिशोब उंदरांवरच्या चाचणीतला

वडगाव मावळ : भात लावणी सुरू झाली की आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळात सर्पदंशाची धास्ती वाढते. दिवसभर खाचरात अनवाणी पाय, बांधावरचं गवत आणि रात्री जमिनीवरच अंथरूण. विष चढल्याची लक्षणं दिसली की डॉक्टर सलाईनमधून एकदम आठ ते दहा व्हायल प्रतिविष देतात. एवढं औषध कशाला, असं नातेवाईकांना वाटतं. त्यात लहान पोराला मोठ्या माणसाइतकाच डोस दिला की काळजी आणखी वाढते.

हा आकडा प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांवरून आलेला आहे.

गावात याला सापाची लस म्हणतात, पण ही लस नव्हे. आधी टोचून ठेवता येत नाही. दुसऱ्या प्राण्याच्या अंगात तयार झालेली प्रतिकारशक्ती आपल्याला उसनी दिली जाते. १८९४ मध्ये फ्रान्समध्ये अल्बर्ट कालमेट यांनी सशांना नागाचं विष थोडं थोडं वाढवत टोचलं. ते ससे नंतर जीव घेणारा डोसही सहन करू लागले आणि त्यांच्या रक्तातला द्रव दुसऱ्या प्राण्यांनाही वाचवू लागला. पुढे सशांच्या जागी घोडे आले, कारण घोड्याच्या अंगात रक्त भरपूर.

आजही पद्धत तीच आहे. मावळच्या शेजारी पिंपरीत हाफकिन महामंडळाचं असं घोड्यांपासून प्रतिविष करण्याचं काम आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचं विष घोड्याला सोसेल इतकं टोचत नेतात. मग रक्त काढून त्यातला पिवळसर द्रव ठेवतात, तांबड्या पेशी घोड्याला परत देतात. औषध घोड्याच्या रक्तातलं असल्याने काहींना रिअॅक्शन येते. खाज सुटते, दम लागतो. म्हणून ते घरी किंवा रस्त्यात द्यायचं नसतं; शेजारी अॅड्रेनलिन तयार ठेवूनच देतात.

आता उंदरांचं काम. घोड्याच्या रक्तातून तयार झालेला माल किती दमाचा आहे, हे नुसतं बघून कळत नाही. ठरावीक विषात प्रतिविष वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून उंदरांना टोचतात आणि किती जगले ते मोजतात. भारतात औषधाच्या प्रमाणकानुसार १ मिली प्रतिविषाने नागाचं किंवा घोणसाचं ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यार किंवा फुरश्याचं ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी केलं पाहिजे. व्हायल १० मिलीची. म्हणजे एका व्हायलमध्ये घोणसाचं ६ मिलिग्रॅम विष मारायची ताकद. घोणस एका चाव्यात सरासरी ६३ मिलिग्रॅम विष सोडते, असं उपचाराच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये धरलेलं आहे. भागाकार केला की दहाच्या आसपास आकडा येतो.

पोराचा डोस कमी का नाही, हेही यातच आलं. साप माणसाचं वजन बघून विष सोडत नाही. औषध विषाला मारायचं असतं, त्यामुळे विष तेवढंच तर औषधही तेवढंच.

विष शरीरात नेमकं काय करतं, हेही बरंचसं प्राण्यांवरच्या अभ्यासातून समजलं. नाग आणि मण्यारचं विष नसेकडून स्नायूला जाणारा निरोप तोडतं. पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. घोणस आणि फुरश्याचं विष रक्त गोठवणारे घटक संपवून टाकतं. म्हणून दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर विष चढलंय. मण्यारचा चावा मात्र फसवा. दुखत नाही, दातांचे व्रण दिसत नाहीत. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो आणि घरचे अॅसिडिटीची गोळी देतात.

या प्रयोगात उंदीर मरतात, ते लपवण्यात अर्थ नाही. देशात प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी १९६० च्या कायद्याखाली समिती आहे, तिच्या नियमांतच काम करावं लागतं. २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमात प्राण्यांऐवजी इतर पद्धती वापरण्याची वाटही मोकळी झाली. तराजूच्या दुसऱ्या बाजूला सर्पदंशाचे मृत्यू आहेत. २००० ते २०१९ या काळात देशात वर्षाला सरासरी ५८ हजार, बहुतेक खेड्यापाड्यातले.

पण उंदरांच्या चाचणीत एक मोठी उणीव आहे. तिथे विष आणि औषध आधीच मिसळलेलं असतं. खाचरात असं होत नाही. विष आधी अंगात शिरतं, औषध नंतर येतं, आणि नसांना बसलेला फटका औषध उलटवू शकत नाही. मांत्रिकाकडे किंवा चिरा मारण्यात गेलेला एक तास दहा व्हायलनी भरून निघत नाही. १०८ ला फोन करायचा, चावलेला पाय न हलवता माणसाला न्यायचं.

दुसरी अडचण विषाचीच. औषधासाठी लागणारं बरंचसं विष तामिळनाडूतल्या इरुळा सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येतं. एकाच जातीच्या सापाचं विष प्रांताप्रांतात वेगळं असतं, हे संशोधनात दिसलं आहे. शिवाय लोणावळा-खंडाळ्याच्या झाडीत हिरवा चापडा आढळतो. तो त्या चार सापांत नाही, त्याच्या विषाचं इथे वेगळं प्रतिविषही नाही. त्याच्या चाव्याने सूज आणि वेदना खूप होतात, जीव जाणं विरळा. अशा वेळी डॉक्टरांनी व्हायल लावली नाही म्हणून दवाखान्यात वाद घालण्यात काही हशील नाही.