धुंडिराजाचे छंद

मुलांनो, सुट्टीत तुम्ही सकाळी चित्र काढायला बसता. दुपारी ते अर्धवट टाकून मातीचे बैल करायला घेता आणि संध्याकाळी पत्त्यांची जादू शिकायचा हट्ट धरता. मग घरातलं कुणीतरी म्हणतंच, "एक ना धड, भाराभर चिंध्या!" आम्ही शिक्षकसुद्धा म्हणतो. आज अशाच एका मुलाची हकीकत सांगते.

त्याचं नाव धुंडिराज. जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. अशा घरातला मुलगा पोथी आणि पाठांतराकडे वळणार, असं कुणालाही वाटावं. पण वडिलांना मुंबईत संस्कृतच्या प्राध्यापकाची जागा मिळाली, कुटुंब मुंबईला आलं, आणि १८८५ साली पंधरा वर्षांचा धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला दाखल झाला. पुढच्याच वर्षी तो थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेला. तिथं महाराजा सयाजीराव गायकवाडांनी काढलेलं कलाभवन होतं. चित्रं, यंत्रं, रंग, छपाई अशा हातानं करायच्या विद्या तिथं शिकवत. धुंडिराजाला मोकळं रानच मिळालं!

आता त्याची यादी ऐका. तैलरंग शिकला, जलरंग शिकला. मग इमारतींचे नकाशे. मग मातीच्या आणि प्लॅस्टरच्या प्रतिकृती. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यानं आदर्श नाट्यगृह कसं असावं याची प्रतिकृती करून मांडली आणि सुवर्णपदक मिळवलं. त्याच दिवसांत फोटोग्राफीचं वेड लागलं. त्या वेळचा फोटो म्हणजे काचेच्या प्लेटा, अंधारी खोली आणि बोटांना डाग पाडणारी रसायनं. कलाभवनाचे प्राचार्य गज्जर यांनी या पोराचं पाणी ओळखलं. त्यांनी त्याला रंगीत छपाईचे ठसे करायला शिकण्यासाठी रतलामला पाठवलं आणि परत आल्यावर कलाभवनाचा फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायला दिली. पालकांनो, हे गज्जर मला फार मोठे वाटतात. "आधी एक काहीतरी पुरं कर" असं म्हणून त्यांनी प्रयोगशाळेला कुलूप घातलं नाही.

पण छंदांनी पोट भरतं असं नाही. धुंडिराजानं गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ काढला. तिथं प्लेगच्या साथीत त्याची पत्नी आणि मूल दोघंही गेली. तो बडोद्याला परतला, पुन्हा स्टुडिओ थाटला, तर लोकांत समज पसरलेला की कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो! गिऱ्हाईक येईना. मग त्यानं नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. रंगवता रंगवता नाटक कसं उभं राहतं ते पाहून घेतलं आणि एखाददुसरं बारीकसं कामही केलं. एका जर्मन जादूगाराची गाठ पडली, तर त्याच्याकडून हातचलाखी शिकला आणि प्रोफेसर केळफा या नावानं प्रयोग करू लागला. 'केळफा' उलटीकडून वाचा बरं. आलं का आडनाव? हो, तेच. दादासाहेब फाळके.

पुढं पुरातत्त्व खात्यात नोकरी झाली. ती सोडून लोणावळ्याला छापखाना काढला. तिथं राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईचं काम होत असे. छपाईतली नवी यंत्रं बघायला १९०९ साली ते जर्मनीला जाऊन आले. मग भागीदारांशी पटेना आणि तोही धंदा सोडावा लागला. म्हणजे चाळिशीच्या गृहस्थाच्या हातात विद्या मोजून दहा आणि खिशात जवळजवळ काही नाही.

१९११ साली मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता, पण फाळक्यांच्या मनात राम आणि कृष्ण हलू लागले. आपल्या गोष्टी अशा पडद्यावर का येऊ नयेत? त्यानंतर ते रोज चित्रपट पाहू लागले. पाहायचे, घरी येऊन विचार करायचे, झोप नाही. शेवटी डोळ्यांनी असहकार पुकारला. दिसणं जवळजवळ बंद झालं. डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली, हे नशीबच. १९१२ च्या सुरुवातीला विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले.

आता पुढची गोष्ट आपल्या जालन्याच्या मुलांना जास्त आवडेल, कारण आपला जिल्हा बियाण्यांचा. चित्रपटासाठी पैसा हवा होता, पण कुणाचा विश्वास बसत नव्हता. फाळक्यांनी काय करावं? कुंडीत एक वाटाणा लावला! समोर कॅमेरा ठेवला आणि ठरावीक वेळानं एकेक चित्र घेत राहिले. बी फुटलं, कोंब वर आला, पानं उलगडली. मूकपटाच्या काळात पडद्यावर सेकंदाला साधारण सोळा चित्रं सरकत. म्हणजे एका मिनिटाला किती? नऊशे साठ. एवढी चित्रं एकामागून एक दाखवली तेव्हा कितीतरी दिवसांत वाढणारा वेल बघता बघता वर चढला. 'अंकुराची वाढ' हा तो छोटासा चित्रपट. तो पाहून पैसे देणारा सापडला.

तरीही ते पुरे पडले नाहीत. दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले. एवढंच नाही, कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडलेली नसत, ती अंधारात बसून पाडावी लागत. हे काम बाईंनी शिकून घेतलं, शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळला. फाळक्यांच्या छंदांची अर्धी किंमत या माउलीनं भरली, हे सांगायचं बरेचदा राहून जातं.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला. भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट म्हणून तो ओळखला जातो. त्यातला रोहिदास म्हणजे फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. राणी तारामतीचं काम करायला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडं नेसवलं. पडदे रंगवायचे, तर ते येतच होतं. फिल्म धुवायची, तर रसायनं ओळखीची. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची चिमुरडी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली, आणि नागाशी झुंजताना प्रोफेसर केळफाच्या करामती कामी आल्या. पण बडोद्यात वीस वर्षांचा असताना त्यानं हे सगळं पुढच्या चित्रपटासाठी शिकून ठेवलं, असं मात्र समजू नका. तेव्हा मुंबईत चित्रपट आलेलाच नव्हता! तो आला १८९६ साली. त्याला फक्त जे समोर दिसेल ते स्वतःच्या हातानं करून पाहायचं होतं.

आता एक काम करा. काचेच्या पेल्यात ओला कापूस घाला आणि पेल्याच्या कडेला, बाहेरून दिसेल असा, एक वाटाणा किंवा वाल ठेवा. पाठकोऱ्या कागदांची हाताएवढी वही शिवा. रोज सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी त्या बियाचं चित्र काढा, प्रत्येक पानाच्या त्याच कोपऱ्यात. सुरुवात शेवटच्या पानापासून करा, म्हणजे वरच्या पानातून खालचं चित्र अंधुक दिसेल आणि पेला जागचा हलणार नाही. दहा दिवसांत तीस चित्रं होतील. मग वही डाव्या हातात धरून अंगठ्यानं मागून पुढं भराभर पानं सोडा. कोंब हलला नाही, तर मधली कुठली वेळ चुकली ते शोधा.