येवले चहा : चार वर्षांचा अभ्यास, मग दुकान

जळगाव-धुळ्याकडे आता जागोजागी ‘अमृततुल्य’ चहाच्या पाट्या दिसतात. ही मूळची पुण्याची परंपरा. पितळी पातेल्यात दूध, साखर, चहापूड, आलं, वेलची एकत्रच उकळतात. मग फडक्यातून गाळून, पिळून थेट कपात!

या चहाचा मोठा ब्रँड करणाऱ्यांत नवनाथ येवले यांचं नाव अगदी वरचं. मूळचे पुरंदर तालुक्यातले. वडील दशरथ येवले यांचाही पुण्यात चहाचाच धंदा. पुण्यात वडापावाचे ब्रँड आहेत, मग चहाचा का नाही, हे नवनाथांच्या मनात आलं 2011 मध्ये. पण घाईनं दुकान थाटलं नाही. भावांसोबत चार वर्षं दूध, साखर, पूड यांचं प्रमाण बसवण्यात घालवली. मला सगळ्यात भावतं ते हेच. मार्च 2018 मध्ये येवले चहाच्या महिन्याला 12 लाखांच्या कमाईची बातमी देशभर गाजली, तेव्हा त्यांची पुण्यात तीनच केंद्रं होती आणि प्रत्येक ठिकाणी दहा-बारा माणसं कामाला.

खान्देशात चहाचा धंदा काढणाऱ्यांनो, पाटी रंगवण्याआधी प्रमाण पक्कं करा. सकाळी सातचा आणि संध्याकाळी सातचा कप एकाच चवीचा लागला, तरच गिऱ्हाईक परत येतं.